शेक संपल्यावर आठव्या दिवशी हळद आहे, जाऊ ना?

*प्रश्न : माझं वय 48. वाईत पोळी-भाजी केंद्र चालवते. डाव्या स्तनातली गाठ काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. केमो संपून तीन आठवडे झाले. आता पुण्यात शेक (रेडिओथेरपी) घ्यायचा आहे, प्लॅनिंगचं सीटी स्कॅन पुढच्या आठवड्यात. कागदावर ‘40 ग्रे/15, बूस्ट 10 ग्रे/5’ असं लिहिलंय. शेजारच्या वहिनींना पंचवीस दिले होते, मग मला वीसच का? रोज वाईहून ये-जा करू की नणंदेकडे राहू? सासूबाई म्हणतात, किरणं घेऊन आलीस की दोन वर्षांच्या नातवाला जवळ घेऊ नको. मिस्टर तर आतापासूनच बाहेरच्या खोलीत झोपायला लागलेत. आंघोळीच्या पाण्यात हळद-कडुनिंब चालेल का? मंगळसूत्र काढावं लागेल का? आणि शेवटच्या सिटिंगनंतर आठव्या दिवशी भावाच्या मुलीची हळद आहे, तोवर मी मोकळी होईन ना? — एक वाचक, वाई*

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं नियोजन त्यावरच उभं आहे. ज्या दिवशी तुम्ही मोकळ्या होणार असं धरून चालला आहात, नेमकी त्याच सुमाराला तुमची कातडी सगळ्यात जास्त चिडलेली असेल. शेकाचा त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो हळूहळू वर येतो, शेवटच्या सिटिंगनंतर साधारण सात ते दहा दिवस टोकाला असतो, मग ओसरतो. बहुतेक बायकांची त्वचा शेवटच्या सिटिंगपासून महिनाभरात भरून येते. म्हणजे सिटिंग चार आठवड्यांची असली तरी तुमचं कॅलेंडर सात-आठ आठवड्यांचं आहे. हळदीला जा, जरूर जा. पण पाहुणी म्हणून जा. पुरणाच्या पातेल्यापाशी उभं राहायला कुणी दुसरी बघा आणि हे भावाला आजच सांगून टाका.

हा उशीर का होतो? आपण याला ‘शेक’ म्हणतो, त्यामुळे डोक्यात गरम पाण्याची पिशवी येते. पण यात उष्णता नसते. टेबलावर झोपल्यावर चटका, कळ, ऊब यांतलं काहीच जाणवत नाही. किरण पेशींच्या आतल्या डीएनएला इजा करतात. वरची कातडी सतत झडते आणि खालच्या थरातून नवी येते. खालच्या थराला इजा झाली की वरची झडून जाईपर्यंत काही कळत नाही, नवी यायला उशीर झाला की मगच जागा सोलवटते. म्हणून ‘भाजलंय’ समजून बर्फ लावू नका, बरनॉल लावू नका. ते भाजण्यासाठी आहे, आणि हे भाजणं नव्हे.

वीस की पंचवीस

ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप. वहिनींना 25 सिटिंगमध्ये 50 ग्रे दिले असतील, म्हणजे दिवसाला 2 ग्रे. तुमच्या 15 सिटिंगमध्ये दिवसाला 2.67 ग्रे पडतात. एकेका दिवसाचा डोस थोडा मोठा, म्हणून दिवस कमी. ब्रिटनमधल्या ‘स्टार्ट’ चाचण्यांचे दहा वर्षांचे निकाल 2013 साली आले. त्यांत 15 सिटिंगचा परिणाम 25 इतकाच चांगला होता आणि स्तनावरचे दूरगामी दुष्परिणाम उलट कमी होते. त्यामुळे तुम्हाला कमी उपचार मिळतोय, असं मनात आणू नका. पुढची 5 सिटिंग म्हणजे बूस्ट. ती पूर्ण स्तनाला नसतात, गाठ जिथून काढली तेवढ्याच जागेला असतात. याचा एक व्यवहारी अर्थ आहे. चौथ्या आठवड्यात काख आणि स्तनाखालची घडी सहसा किरणांतून सुटलेली असते, तिथला त्रास आधी ओसरायला लागतो. टाक्याच्या आसपासचा रुपयाएवढा-तळहाताएवढा भाग मात्र मागे राहतो आणि लग्नाच्या आठवड्यात काळाकुट्ट दिसू शकतो. तो काळेपणा बघून घाबरू नका, ओल आली तर मात्र कळवा.

सीटीच्या आधी हा आठवडा खांद्याला द्या

हे कुणी फारसं सांगत नाही, आणि मग ऐन सीटीच्या दिवशी अडतं. प्लॅनिंगच्या वेळी तुम्हाला दोन्ही हात डोक्याच्या वर, आधारावर ठेवून दहा-वीस मिनिटं स्थिर पडायचं आहे. पुढची वीसही सिटिंग त्याच स्थितीत होतात. काखेचं ऑपरेशन झालेल्या हाताला ते जड जातं. हात पुरेसा वर गेला नाही, तर सीटी पुढे ढकलतात.

रोज तीन वेळा, दर वेळी दहा-दहा : भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत न्या. जिथवर पोचाल तिथे पेन्सिलीने खूण करा, उद्या तिच्या बोटभर वर जायचं. मग पलंगावर उताणं झोपून झाडूचा दांडा दोन्ही हातांत धरा आणि कोपर सरळ ठेवून डोक्यामागे न्या, पाच मोजा, परत आणा. ताण बसला पाहिजे, कळ येता कामा नये. काखेपासून कोपराकडे कातडीखाली ताणलेली दोरी हाताला लागत असेल, तर ऑपरेशननंतर असं होतं, पण फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण तिला सोडवायची वेगळी पद्धत असते. हा व्यायाम शेक चालू असतानाही सोडायचा नाही. किरणांनंतर छातीचे स्नायू आखडतात आणि तेव्हा व्यायाम सुटला तर खांदा महिनोन्‌महिने कुरकुरतो.

डावी बाजू असल्यामुळे श्वास धरून शेक देण्याची पद्धत तुमच्या केंद्रात आहे का, हे विचारा. खोल श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकतं, तेवढे किरण त्याच्यावर कमी पडतात. एका वेळी साधारण 20 सेकंद श्वास धरावा लागतो, असं काही वेळा. सराव घरी करा. छातीत श्वास भरायचा, पोटात नाही. बहुतेक जणी चुकतात ते श्वासाबरोबर पाठ कमानीसारखी उचलण्यात किंवा खांदे कानाकडे नेण्यात. पाठ गादीला टेकलेलीच राहू द्या. सगळ्यांना हे लागत नाही. काहींच्या छातीची ठेवणच अशी असते की नेहमीच्या श्वासातही हृदय पुरेसं लांब असतं. ते सीटीवर कळतं.

सीटीच्या दिवशी अंगावर खुणा करतात. काही ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे गोंदलेले ठिपके, काही ठिकाणी शाईच्या रेघा. ठिपके कायमचे, धुतले तरी जात नाहीत. रेघा असतील तर त्या फिकट झाल्या म्हणून घरी बॉलपेनने गिरवू नका. अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला तर मशीन चालवणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टना चुकीची रेघ खरी वाटते. फिकट झाली असं सांगा, ते करतील. शाई कपड्यांना लागते, तेव्हा त्या महिन्यात पांढरे कपडे बाहेर काढू नका.

वाई की नणंद

आमचं स्पष्ट मत : सोमवार ते शुक्रवार नणंदेकडे राहा. वाई–स्वारगेट एका बाजूला अडीच तास, वर खंबाटकीचा घाट आणि पुण्याचा ट्रॅफिक. खोलीतलं काम दहा-पंधरा मिनिटांचं, त्यातही किरण चालू असतात जेमतेम काही मिनिटं. त्यासाठी रोज पाच-सहा तास बसमध्ये काढलेत, तर तिसऱ्या आठवड्यातला थकवा शेकाचा की एसटीचा, हे डॉक्टरांनाही सांगता यायचं नाही. पहिल्याच दिवशी टेक्नॉलॉजिस्टकडे मागून घ्या : सोमवारची वेळ दुपारनंतरची, शुक्रवारची सकाळची. मग सोमवारी सकाळी वाई सोडता येते, शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचता येतं आणि शनिवार-रविवार नातवाबरोबर मिळतात. मशीनवर वेळा लावणं सोपं नसतं, पण आधी मागितलं तर बऱ्याचदा जमवतात.

एसटीत वरचा दांडा उजव्या हाताने धरा. गाडीतून जाणार असाल तर सीटबेल्ट सोडू नका. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला मऊ टॉवेल ठेवा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट 2023 पासून आहेच. कर्करुग्णांसाठीची सवलत वेगळी असते, तिचा आणि रेल्वे सवलतीचा फॉर्म रुग्णालयातल्या समाजसेवकांकडून भरून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिओथेरपी बसते, मात्र मंजुरी शेक सुरू होण्याआधी लागते. आधी पैसे भरून मग ‘परत मिळतील का’ विचारत बसू नका. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथे रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा.

सिटिंग चुकवू नका. शनिवार-रविवारची सुट्टी ठरवूनच असते, निरोगी पेशी तेवढ्यात सावरतात. मधला बुधवार पाहुण्यांसाठी बुडवला तर त्याचा असा फायदा होत नाही, उरलेल्या कॅन्सरपेशींना मात्र सवड मिळते. मशीन बंद पडलं किंवा सणाची सुट्टी आली, तर ती सिटिंग पुढे जोडतात, किंवा एखाद्या दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन देतात. म्हणजे शेवटची तारीख दोन-तीन दिवस पुढे सरकू शकते. हळदीचा हिशेब करताना हेही धरा.

नातू आणि मिस्टर

सासूबाईंना सांगा : मशीन बंद झालं की किरण संपले, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं. तुमच्या अंगात, घामात, लघवीत, ताटावाटीत काहीही उरत नाही. नातवाला कुशीत घ्या, त्याच्याच ताटातलं खा. शरीरात किरणोत्सारी औषध देण्याचे उपचार वेगळे असतात, थायरॉइडच्या कॅन्सरसाठी दिलं जाणारं आयोडीन त्यांतलं. तेव्हा लांब राहायला सांगतात आणि ते ऐकून गैरसमज पसरतात. तुमचा उपचार तो नव्हे.

नातवाची खरी काळजी दुसरीच आहे. दोन वर्षांचं पोर मांडीवर नाचतं आणि लाथ नेमकी डावीकडे बसते. त्याला उजव्या कुशीला घ्या, बसून घ्या, आणि दहा-बारा किलोचं ते ओझं डाव्या हातावर उचलू नका.

मिस्टरांना तुमच्याबरोबर एखाद्या दिवशी रिव्ह्यूला, म्हणजे दर आठवड्याच्या तपासणीला, आणा आणि हाच प्रश्न त्यांना डॉक्टरांसमोर विचारू द्या. बायकोने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत आपल्याकडे फरक पडतो, काय करणार. शरीरसंबंधाला मनाई नाही. फक्त पाळी अजून येत असेल किंवा केमोने नुकतीच थांबली असेल, तर गर्भ राहणार नाही याची काळजी घ्या, आणि त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या वापरू नका.

आंघोळ, काख, कपडे

हळद आणि कडुनिंब, दोन्ही नको. कडुनिंबाचं पाणी चिडलेल्या कातडीला झोंबतं. हळदीचा तोटा आणखी एक : तिने कातडी पिवळी होते, रेघा झाकल्या जातात आणि दर आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांना कातडीचा खरा रंग दिसत नाही. सावळ्या कातडीवर मुळात लाली दिसतच नाही. ती काळसर, जांभळट होते. त्यामुळे आरशापेक्षा हाताला काय जाणवतं ते महत्त्वाचं : ऊब, ताठरपणा, खाज, चुरचुर. हे रिव्ह्यूत आपणहून सांगा. ‘लाल नाही, म्हणजे ठीक आहे’ असं कुणी म्हणालं तरी सांगा.

पाणी कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूवर घालून पाहा, गरम लागलं तर जास्त आहे. शॉवरचा झोत थेट छातीवर नको, खांद्यावरून तांब्याने सोडा. सौम्य साबण तळहातावर फेसून नुसता फिरवायचा. घासणी, उटणं, बेसन, डेटॉलचं पाणी यांना महिनाभर रजा. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. काही केंद्रांत रेघा असेपर्यंत त्या भागावर पाणीच घेऊ नका असं सांगतात. तुमच्या केंद्राने तसं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, पण उन्हाळ्यात घामाचं काय करायचं ते त्यांनाच विचारून घ्या.

क्रीम कोणतं, हे केंद्रच लिहून देईल. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरतं. पहिल्या दिवसापासून दिवसातून दोनदा, पातळ थर. जाड थर लावून थेट मशीनखाली जायचं नाही, कारण जाड लेप किरणांना कातडीच्याच पातळीवर अडवतो आणि डोस वरच्या थरात वाढतो. सिटिंगच्या आधी दोन तास काही लावू नका, म्हणजे प्रश्न मिटला. बऱ्याच ठिकाणी मोमेटासोनसारखं स्टेरॉइड मलम देतात, ते जळजळ कमी करतं हे अभ्यासांत दिसलं आहे. ते सांगितलं तेवढंच, ओल्या जखमेवर नाही. कोरफडीने काहींना गार वाटतं, पण त्रास टळतो असं खात्रीने दिसलेलं नाही. झाडाची पात चिरून लावलीत तर तिचा पिवळा चीक खाज आणतो.

काखेचे केस रेझरने किंवा क्रीमने काढू नका. अगदीच नको वाटत असतील तर विजेवरचा ट्रिमर. नाहीतरी शेकात त्या बाजूचे केस गळतात. डोक्याचे मात्र गळणार नाहीत, उलट केमोनंतर आलेली लव वाढतच राहील. डिओडोरंट सोललेल्या कातडीवर नको. टाल्कम पावडर घामाने गोळा होते आणि घडीत घासते, म्हणून तीही नको.

खरी अडचण स्तनाखालच्या घडीत असते. तिथे कातडीला कातडी लागते, घाम साचतो, हवा जात नाही. जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा घडी करून तिथे ठेवा आणि दमट झाला की बदला. दिवसातून चार-पाच तुकडे लागतात, आधीच फाडून, धुवून ठेवा. दुपारी दार लावून अर्धा-पाऊण तास उताणं पडा, स्तन हाताने वर उचलून घडी पंख्याखाली मोकळी करा. महागड्या क्रीमपेक्षा याने जास्त फरक पडतो.

तारेची ब्रा नको. इलॅस्टिकची घट्ट पट्टी नेमकी त्या घडीवरच बसते. मिस्टरांचा जुना, धुऊन मऊ झालेला सुती बनियन उलटा घाला, म्हणजे शिवण बाहेर राहते. स्तन जड असेल आणि आधाराशिवाय दुखत असेल, तर एक माप मोठी मऊ सुती ब्रा. नवा कपडा एकदा धुऊन खळ काढल्याशिवाय अंगाला लावायचा नाही. आणखी एक सवय तपासा : पैशांची छोटी पर्स किंवा मोबाइल ब्लाउजमध्ये डावीकडे खोचायची. महिनाभर कमरेला पिशवी लावा.

मंगळसूत्राबद्दल : मशीनवर गळा आणि छाती मोकळी लागते. लोंबणारी पोत किरणांच्या वाटेत येते आणि मानेशी शेक असेल तर घासतेही. रोज काढून रुग्णालयात कुठेतरी ठेवली की हरवायची भीती. सोन्याचं घरी ठेवा आणि काळे मणी दोऱ्यात ओवून उजव्या मनगटाला बांधा. पुष्कळ बायका असंच करतात, सासूबाईंनाही चालेल.

ओल सुटली, सोलवटून पाणी यायला लागलं, तर त्याच दिवशी केंद्रात दाखवा. ते चिकटणार नाही असं जाळीचं किंवा सिलिकॉनचं ड्रेसिंग देतात. घरी कापूस लावू नका, तंतू चिकटतात. चिकटपट्टी त्या कातडीवर अजिबात नको, काढताना कातडी घेऊन येते. ड्रेसिंग बनियनच्याच आधाराने धरून ठेवा. दुर्गंधी, पू किंवा 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर रात्र काढू नका.

तवा आणि थकवा

पोळी-भाजी केंद्र पूर्ण बंद करायची गरज नाही, पण तुम्ही तव्यापुढे उभं राहायची गरजही नाही. तिथली धग आणि घाम काखेला मानवणार नाही. पहिल्या आठवड्यापासूनच तवा आणि परात दुसऱ्या बाईकडे द्या, हिशेब आणि ऑर्डर फोनवर तुमच्याकडे. शनिवार-रविवारी घरी असताना भाजी निवडणं, बसून लाटणं चालेल, वीस-पंचवीस पोळ्या, सलग शंभर नाही. पाच किलोची कणीक मळणं दोन-तीन महिने तरी नको. पुढेही डाव्या हाताला तेलाचा शिंतोडा, वाफेचा चटका, विळीचा काप लागू देऊ नका. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हातातली लसिकेची (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणारी) वाट अरुंद झाली आहे, छोट्या जखमेतून संसर्ग झाला तर हात सुजू शकतो. लांब सुती बाही आणि कालथा लांब दांड्याचा. हात लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. रक्त आणि बीपी उजव्या हातावर, हे लॅबवाल्याला दर वेळी तुम्हीच सांगा.

थकवा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो, शेवटी वाढतो आणि संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. केमो नुकतीच झाली आहे, तेव्हा तुम्हाला जरा जास्तच. झोपून तो जात नाही, हे विचित्र वाटेल. रोज वीस-तीस मिनिटं चाला, ऊन उतरल्यावर. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, तीनच्या आधी. जिना चढताना धाप लागत असेल किंवा उभंच राहवत नसेल, तर तो नुसता थकवा समजू नका, हिमोग्लोबिन तपासा.

खाण्यात पथ्य म्हणून काही बंद नाही. आंबट-तिखट बंद करून पेजेवर राहणं मात्र बंद. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, दोन पेले दूध किंवा दही, मूठभर शेंगदाणे, पन्नास ग्रॅम पनीर आणि पाच-सहा पोळ्या एवढ्यात ती भरतात. चतुर्थीचा उपास साबुदाण्यावर काढलात तर त्यात पिष्टाशिवाय काही नाही. करायचाच असेल तर दाण्याची आमटी, राजगिरा, दूध-दही. गुळवेलाचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या शेक चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईत नोंदवले गेले आहेत. भाजीतली हळद भाजीत राहू द्या. मिश्री लावत असाल तर आता सोडायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही, तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

काखेबरोबर मानेच्या खालच्या भागालाही शेक असेल, तर तिसऱ्या आठवड्यात घशात टोचल्यासारखं होतं, घास गिळताना अडखळतं. मऊभात, कढी, कोमट दूध. दोन आठवड्यांत जातं.

नंतर

स्तनात मधूनच सुई टोचल्यासारखी कळ येईल, क्षणभर. तो जरा सुजलेला, जड आणि घट्ट लागेल, काही महिने. हे अपेक्षित आहे. अपेक्षित नसलेलं एकच लक्षात ठेवा : शेक संपल्यानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप सुरू झाला, तर गावातल्या डॉक्टरांना ‘मला छातीला शेक दिला होता’ हे आधी सांगा. किरणांनी फुप्फुसाच्या कडेला सूज येऊ शकते, क्वचित येते. एक्स-रेवर ती न्यूमोनिया किंवा टीबीसारखी दिसते आणि विनाकारण टीबीचं औषध सुरू व्हायची शक्यता असते. उपचार वेगळा आहे आणि तो लवकर केला तर गुण येतो.

शेवटच्या सिटिंगच्या दिवशी एक कागद मागून घ्या : कोणती बाजू, कुठल्या भागांना, किती ग्रे, किती सिटिंग, शेवटची तारीख. तो ऑपरेशनच्या कागदांबरोबर ठेवा. पुढे कधी पुन्हा शेक द्यायचा झाला तर हाच कागद लागतो. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोनवरची गोळी शेकाबरोबरच सुरू करायची की शेक संपल्यावर, ते मात्र शेकाच्या पहिल्याच दिवशी विचारा. पहिली मॅमोग्राफी शेकानंतर सहा महिन्यांच्या आत सहसा करत नाहीत. त्या छातीवर ऊन मात्र पुढेही लागू देऊ नका, पदर घ्या.

आता हळद. चेहऱ्याला, हाताला लावून घ्या, गळ्याखाली नको. अत्तर, सेंट नको. पैठणीच्या जरीचा काठ डाव्या बाजूने घासतो, म्हणून काठाखाली सुती बनियन, आणि पदराची पिन उजव्या खांद्याजवळ कुठे बसते ते आधी घरी नेसून पाहा. दोन तास बसा, जेवा, मग आडवं व्हायला एक खोली मागून ठेवा. लग्नाचा ब्लाउज शेकाच्या आधी मापाने शिवून घेऊ नका, स्तन सुजला की तो चढणार नाही. शिंप्याला सांगा, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया ठेव, हूक पुढे लाव आणि अस्तर सुती घाल.